छपरावर तीन पिंपं

दार-एस-सलामच्या विक्रेत्यानं
माझ्या टेबलावर पत्रिका पसरली:
निळं, पिवळं,
आणि एक काळपट, नजरेत न भरणारं.
"पाच वर्षांची हमी, मॅडम."
कुठली पाच वर्षं? मी विचारलं.
डोंगराकडची, की आमच्या टांगाची?
तो हसला. घाम पुसला.
त्याच्या पेनाची खुटी आधीच गंजली होती.

एकोणीस वर्षं मी नगरपालिकेच्या भांडारात बसते.
इथे खिळे मोजून जमा करायचे
आणि वर्षभरानं तांबूस भुकटी खर्ची टाकायची.
कुलूप, कडी, साखळी,
समुद्र सगळ्याची चव घेऊन बघतो.
नको म्हणाला, असं अजून काही आलेलं नाही.

म्हणून नमुने ठेवून घेतले
आणि शेबुघेला सांगितलं,
चढव छपरावर, दोरीनं बांध,
कास्काझी वारा पडेपर्यंत उतरवायचे नाहीत.

शेबुघे झाडूवाला. मासळीबाजाराची पहाट त्याची.
मागच्या खेपेच्या पिंपांचा आस गंजून जागीच बसला
तेव्हा त्यानं पिंप पाठुंगळी घेतलं,
मूल घेतात तसं,
आणि माशांच्या आतड्यांचं पाणी
मणक्यावरून चपलांत उतरलं.
माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

जानेवारीत पत्रा असा तापे
की कावळे उतरत आणि लगेच उडत.
फेब्रुवारीत वर जाऊन मी बोट फिरवलं.
पिवळ्यानं बोटाला पूड लावली, फळ्यावरच्या खडूची असते तशी.
निळ्याच्या झाकणाला केसाएवढी रेघ,
बिजागरीपाशी,
तुटणं जिथून निघतं तिथेच.
काळपट मात्र बसून होतं.
काजळी पोटात घालून घडवलंय म्हणे,
ऊन पचावं म्हणून.

मार्चअखेर उतरवली तिन्ही.
शेबुघेची परीक्षा माझ्याहून वेगळी.
त्यानं आधी उलटं करून तळ पाहिला:
"बी म्वानाकोम्बो, भोक कुठाय?
पाणी साठलं की डास माझ्या घरी येतात, तुमच्या नाही."
मग मूठ. चारही बोटं मावतात का.
मग अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला, काही न बोलता.
मग लाथ. एकच.
पिवळं अंड्यासारखं फुटलं.

त्याच संध्याकाळी भरतीनं
एक तेलाचा कॅन वाळूवर आणून ठेवला.
वरची लिपी आम्हा दोघांनाही न वाचता येणारी,
अंग धड, झाकण घट्ट.
शेबुघे बराच वेळ तो हातात फिरवत राहिला.
"ज्यानं मरावं ते पोहत येतं," म्हणाला,
"आणि ज्याला कामाला लावावं
ते दोन उन्हाळ्यांत हात टेकतं."
मग कॅन धुऊन घरी नेला. नातीला पाणी आणायला.

खजिनदार म्हणाले, काळी?
बाजार सुतकात बसल्यासारखा दिसेल.
पिवळी घ्या, त्याच पैशात दुप्पट येतील.
मी पिवळ्याचा तुकडा त्यांच्या फायलीवर ठेवला
आणि अंगठ्यानं दाबला.
भाजलेल्या पापडाचा आवाज आला.

मागणीपत्र मी स्वतः लिहिलं:
नग साठ. रंग काळपट. भिंत जाड.
आस न गंजणाऱ्या पोलादाचा, चाकं भरीव रबराची,
तळाला भोक, बुचासकट.
मूठ चार बोटांची, कड घासलेली.
शेऱ्याच्या रकान्यात:
वाहणाऱ्याची पाठ कोरडी राहावी.

साठाचे बत्तीस झाले.
शेरा तांब्या शाईनं खोडून आला,
"तांत्रिक नाही" असं लिहून.
माझ्या स्थळप्रतीत तो अजून आहे.

नमुन्याचं काळपट मी परत पाठवलं नाही.
पुन्हा छपरावर चढवलंय.
दर महिन्याला शिडी लावते, बोट फिरवते,
उन्हात धरून बघते.
बोट स्वच्छ येतं.
अजून तरी.